अमेरिकी विद्यापीठातील असिस्टंटशिप: पत्र कसे वाचावे, काम कसे निभवावे

असिस्टंटशिपला आपण सर्रास शिष्यवृत्ती म्हणतो आणि पहिली गल्लत तिथेच होते. शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप गुणवत्तेची दखल घेऊन दिलेली असते. ती मिळाल्यावर अभ्यास आणि संशोधन यांपलीकडे विद्यार्थ्याकडून काही अपेक्षित नसते. असिस्टंटशिप ही विद्यापीठातच, शिकत असताना करायची शिकवण्याची, संशोधनाची किंवा कार्यालयीन साहाय्याची नोकरी असते. तिला नेमणूकपत्र असते, आठवड्याचे तास ठरलेले असतात, वरिष्ठ असतो, पगार असतो आणि त्या पगारावर करही लागतो. ती मिळाली याचा आनंद जरूर असावा, पण ती नोकरी म्हणून वाचली, विचारली आणि केली तरच पुढची पाच-सहा वर्षे सुरळीत जातात. माझ्या ओळखीच्या ज्या विद्यार्थ्यांना पैशांवरून मनस्ताप झाला, त्यांतल्या बहुतेकांनी नेमणुकीचे पत्र उपकाराचे पत्र समजून वाचले होते आणि म्हणून प्रश्न विचारायचा संकोच केला होता. मीही त्यांपैकीच एक होतो.

पैसा कुठून येतो

विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्याला पैसा साधारणपणे तीन वाटांनी मिळतो. शिक्षण-सहायकाचा, म्हणजे टीएचा, पगार विभागाच्या अध्यापनाच्या अंदाजपत्रकातून येतो. संशोधन-सहायकाचा, म्हणजे आरएचा, पगार एखाद्या प्राध्यापकाने नॅशनल सायन्स फाउंडेशन किंवा नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ यांसारख्या संस्थेकडून मिळवलेल्या अनुदानातून येतो. फेलोशिप विद्यापीठ स्वतः देते किंवा बाहेरची संस्था देते. याखेरीज ग्रंथालय, वसतिगृहे, प्रवेश कार्यालय, लेखनसाहाय्य केंद्र अशा ठिकाणी पदव्युत्तर सहायक नेमले जातात. त्यांना बहुतेक ठिकाणी नुसते जीए म्हणतात.

हा भेद केवळ नावांचा नाही. पैसा कुठून येतो हे कळले की तो कोणाकडे मागायचा आणि कधी आटू शकतो हेही कळते. टीएंची गरज पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. कॅल्क्युलस, सामान्य रसायनशास्त्र, प्राथमिक भौतिकशास्त्र, संख्याशास्त्राची ओळख, निबंधलेखन, परदेशी भाषा हे विषय मोठ्या विद्यापीठांत दर सेमिस्टरला शेकडो, काही ठिकाणी हजारो विद्यार्थी घेतात. त्या सगळ्यांच्या छोट्या तुकड्या करून शिकवायला, प्रयोगशाळेत उभे राहायला आणि वह्या तपासायला माणसे लागतात. म्हणून गणित, रसायनशास्त्र, इंग्रजी यांसारख्या विभागांकडे टीएच्या जागा भरपूर असतात, तर ज्या विभागाकडे पदवीचे विद्यार्थीच थोडे आहेत, तिथे विषय कितीही नामांकित असला तरी जागा मोजक्याच असतात. ही गोष्ट लक्षात ठेवली तर आणखी एक वाट दिसते: स्वतःच्या विभागात जागा नसेल तर ज्या विभागाला आपल्या ज्ञानाची गरज आहे, त्याच्याकडे विचारता येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणित विभागाने आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र विभागाने घेतल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

आरएची नेमणूक त्या प्राध्यापकाच्या हातात असते आणि ती अनुदानाच्या मुदतीला बांधलेली असते. अनुदान तीन वर्षांचे आणि पीएचडी पाच-सहा वर्षांची, हे गणित जुळवण्याची वेळ प्रत्येकावर कधीतरी येते. फेलोशिपचे स्वातंत्र्य सर्वांत मोठे, पण परदेशी विद्यार्थ्याने तिची पात्रता आधी तपासावी. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप सर्वांना ठाऊक आहे, परंतु ती अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या विद्यार्थ्याने तिच्या अर्जात वेळ घालवू नये.

अर्ज करताना

पीएचडी आणि मास्टर्स यांच्या बाबतीत फार फरक आहे आणि तो सुरुवातीलाच मान्य करावा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि बऱ्याच सामाजिक शास्त्रांच्या पीएचडीमध्ये प्रवेश आणि आर्थिक साहाय्य एकाच निर्णयाने दिले जाते. तिथे निधीविना प्रवेश देऊ केला, तर विभागाला तुमच्याविषयी पुरेसा उत्साह नाही असेच बहुधा समजावे. मास्टर्सला मात्र विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने येतील असे गृहीत धरलेले असते आणि सहायकाच्या जागा उरल्या तरच त्यांच्या वाट्याला येतात. मास्टर्सला जाणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज असिस्टंटशिप धरून करू नये. ती मिळाली तर भार हलका होईल इतकेच धरावे.

निधीच्या अर्जाची मुदत प्रवेशाच्या मुदतीपेक्षा बरेचदा अलीकडची असते. प्रवेशाचा अर्ज मार्चपर्यंत चालत असला तरी निधीसाठी विचार व्हायचा असेल तर तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत किंवा जानेवारीच्या आरंभी पोचला पाहिजे, असे विभागाच्या पानावर कुठेतरी लिहिलेले असते. काही अर्जांत असिस्टंटशिप हवी आहे का असा एक चौकोन असतो आणि तो राहून गेला तर कोणी आठवण करून देत नाही. काही विभाग वेगळा फॉर्म मागतात. हे सगळे तपासायला अर्धा तास लागतो आणि हा अर्धा तास प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्रपणे द्यावा.

टीए निवडताना समितीला दोन गोष्टी पाहायच्या असतात: या व्यक्तीला विषयाचा पाया शिकवता येईल का, आणि तिचे बोलणे अठरा वर्षांच्या मुलांना समजेल का. उद्देशपत्रात बहुतेक जण संशोधनाविषयी दोन पाने लिहितात आणि शिकवण्याविषयी शेवटी ‘मला अध्यापनाची आवड आहे’ एवढे एकच वाक्य घालतात. त्या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. कनिष्ठ वर्गातल्या मुलांना तुम्ही आठवड्यातून दोनदा एखादा विषय शिकवला असेल, प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून उभे राहिला असाल, तर कोणता विषय, किती विद्यार्थी, किती महिने आणि मुलांना नेमकी कुठे अडचण येत होती हे चार ओळींत लिहा. शिफारसपत्र देणाऱ्यांपैकी एकाला तुमच्या शिकवण्याविषयी लिहायला आवर्जून सांगा. इंग्रजीच्या परीक्षेतले बोलण्याचे गुण स्वतंत्रपणे पाहिले जातात. एकूण गुण उत्तम आणि बोलण्याचे काठावरचे असतील, तर प्रवेश मिळूनही वर्ग मिळत नाही. वर्गात उभे राहणाऱ्याच्या इंग्रजीची खात्री करून घेणे अनेक राज्यांत विद्यापीठांवर बंधनकारक आहे, म्हणून पोचल्यावरही बहुधा एक तोंडी परीक्षा होते, ज्यात दहा मिनिटे फळ्यावर काहीतरी शिकवून दाखवायचे असते.

निधीविना मास्टर्सला गेलेल्यांनी पहिल्या सेमिस्टरमध्येच पुढच्या सेमिस्टरची तयारी सुरू करावी. ‘मला टीएची संधी द्यावी, मी मेहनती आहे’ अशी एकच ईमेल वीस प्राध्यापकांना पाठवणारे खूप असतात आणि त्या ईमेल वाचल्याही जात नाहीत. त्याऐवजी पुढच्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात कोणता मोठा अभ्यासक्रम कोण शिकवणार आहे ते पाहा. त्या प्राध्यापकांना लिहा की हा अभ्यासक्रम मी अमुक ग्रेडने पूर्ण केला आहे, त्यात वापरले जाणारे सॉफ्टवेअर मला येते आणि मंगळवार-गुरुवारच्या दुपारी मी मोकळा आहे. पाच ओळी पुरतात. नोव्हेंबरमध्ये लिहा आणि सेमिस्टर सुरू होण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा, कारण शेवटच्या क्षणी कोणीतरी जागा सोडते आणि विभागाला त्याच दिवशी माणूस हवा असतो.

पत्र हाती आल्यावर

नेमणुकीचे पत्र हातात आले की आकड्यावर नजर खिळते. तो आकडा बाजूला ठेवून पत्र एकदा संपूर्ण वाचा आणि मग पेन्सिल घेऊन बसा.

समजा, पत्रात चोवीस हजार डॉलर स्टायपेंड (म्हणजे सहायकाचा पगार), ट्यूशनची, म्हणजे शिक्षणशुल्काची, संपूर्ण माफी आणि अर्धवेळ नेमणूक असे लिहिले आहे. पहिला प्रश्न: हे चोवीस हजार किती महिन्यांचे? बहुतेक टीए-नेमणुका नऊ महिन्यांच्या असतात; म्हणजे महिन्याला सुमारे २,६६७ डॉलर येतील, पण उन्हाळ्याचे तीन महिने काहीच येणार नाही. घरभाडे बारा महिने द्यायचे असल्याने खरा आकडा महिन्याला २,००० आहे. दुसरा प्रश्न: ट्यूशन माफ, पण फी? ट्यूशन आणि फी या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंत्रज्ञान शुल्क, विद्यार्थी सुविधा शुल्क, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी शुल्क अशी बरीच शुल्के माफीत येत नाहीत. ती सेमिस्टरला ९०० डॉलर धरली तर वर्षाला १,८०० होतात. तिसरा प्रश्न आरोग्यविम्याचा. विद्यापीठ हप्त्याचा काही भाग भरते आणि काही भाग विद्यार्थ्याकडून घेते. तो वर्षाला ६०० डॉलर धरू. आता चोवीस हजारांतले २१,६०० उरले, म्हणजे महिन्याला १,८०० आणि तेही कर कापण्यापूर्वी. दुसऱ्या विद्यापीठाने बावीस हजारच देऊ केले असतील, पण त्यात फी आणि विमा दोन्ही असतील आणि उन्हाळ्यातही काम मिळत असेल, तर ते पत्र अधिक चांगले. शहराचे भाडे मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

या फीच्या बाबतीत मी स्वतः फसलो होतो. पत्रात ‘संपूर्ण ट्यूशन माफ’ हे शब्द वाचून मी निर्धास्त झालो. ऑगस्टमध्ये पोचल्यावर विद्यार्थी खात्यात फीची रक्कम थकीत दिसू लागली, ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरायची होती आणि पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीस येणार होता. पगार काम झाल्यानंतर मिळतो. त्यामुळे घराची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, अंथरूण-पांघरूण आणि फी एवढा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असतो. दोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम सोबत असल्याशिवाय निघू नये. फी हप्त्यांनी भरायची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते, पण ती मागावी लागते.

आता शब्दांकडे वळा. ‘पाच वर्षांची हमी’ आणि ‘पाच वर्षांपर्यंत नूतनीकरण होऊ शकते’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात आणि त्यांनी घाबरून जायचे कारण नाही. पण प्रत्यक्षात काय घडते हे विचारायलाच हवे. ‘समाधानकारक प्रगती’ म्हणजे काय, याची व्याख्या विभागाच्या नियमपुस्तिकेत असते: किमान ग्रेड सरासरी, जी बऱ्याच ठिकाणी ३.० असते, पात्रता परीक्षा कोणत्या वर्षापर्यंत उत्तीर्ण व्हायची, मार्गदर्शक कधीपर्यंत ठरवायचा. ती पुस्तिका मागून घ्या.

प्रश्न दोन ठिकाणी विचारावेत. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेलने विचारायचे: नेमणूक किती महिन्यांची, कोणती शुल्के माफीबाहेर आहेत, उन्हाळ्यात काय सोय असते, आठवड्याला किती तास. उत्तर लेखी येते आणि ते जपून ठेवायचे. दुसरे, तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांशी बोलायचे. त्यांना ‘निधी कसा आहे?’ असे विचारले तर ‘ठीक आहे’ असेच उत्तर येते. ‘अभ्यास नीट चालू असताना कोणाचा निधी थांबला आहे का? गेल्या उन्हाळ्यात तुम्ही काय केले? सेमिस्टरच्या मध्यात आठवड्याला खरोखर किती तास जातात?’ असे विचारले की खरी माहिती मिळते.

घाईने होकार देण्याचे दडपण आले तर एक तारीख लक्षात ठेवावी. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेच्या ठरावानुसार, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्याला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. बरीच विद्यापीठे या यादीत आहेत. मार्चमध्ये ‘एका आठवड्यात कळवा’ असे पत्र आले, तर या ठरावाचा सौम्य शब्दांत उल्लेख करून मुदत मागता येते. मात्र जिथे जायचे नाही असे नक्की ठरले आहे, त्यांना लगेच नकार कळवावा. तुमचा नकार पोचेपर्यंत प्रतीक्षायादीतला एक विद्यार्थी ताटकळत असतो.

पत्रातली रक्कम आय-२० या, विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर दाखवली जाते. ती वर्षाच्या अंदाजे खर्चापेक्षा कमी असेल तर उरलेल्या रकमेचा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते आणि अर्धवेळ नेमणूक म्हणजे नेमके तेच २० तास. त्यामुळे पूर्ण टीएशिप हाती असताना ग्रंथालयातले किंवा उपाहारगृहातले आणखी काम सत्रात घेता येत नाही. मधल्या काळात कोणी ‘थोडेसे रोखीचे काम’ सुचवले, तर ते स्वीकारू नका. त्यात जाणारी गोष्ट पैशांपेक्षा फार मोठी आहे.

वर्गात

पहिल्या आठवड्यात ज्या प्राध्यापकांकडे नेमणूक झाली आहे, त्यांची वेळ घेऊन अर्धा तास बसावे. व्याख्यानांना हजर राहायचे का, ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांनी शंका विचारायला येण्याची ठरलेली वेळ) किती, प्रश्नपत्रिका कोण काढणार, वह्या किती दिवसांत परत द्यायच्या, उशिरा आलेला गृहपाठ घ्यायचा का, विद्यार्थ्यांच्या ईमेलना कोण उत्तर देणार, हे सगळे तेव्हाच विचारून लिहून घ्यावे आणि त्याचा सारांश त्यांनाच ईमेलने पाठवावा.

आपल्या इंग्रजीबद्दल मनात भीती असते, पण उच्चारांची ढब ही बहुतेकदा अडचण नसते. अडचण काही थोड्या शब्दांची असते आणि ते आधी माहीत असले तर एका दिवसात सुधारता येतात. आपण गुणाकाराला ‘टू इन्टू थ्री’ म्हणतो. तिथे ‘टू इन्टू सिक्स’ म्हटले की मुले सहाला दोनने भागतात. गुणाकारासाठी ‘टाइम्स’ म्हणावे. शेवटचे अक्षर ‘झेड’ नसून ‘झी’. गोल कंसाला ‘पॅरेन्थिसिस’ म्हणतात. ‘ब्रॅकेट’ म्हटले की चौकोनी कंस समजला जातो. ‘एनी डाउट्स?’ या प्रश्नाचा अर्थ तुमच्या म्हणण्यावर शंका आहे का असा होतो, म्हणून ‘क्वेश्चन्स’ म्हणावे. मराठी बोलणाऱ्यांची खास अडचण म्हणजे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरे असलेल्या शब्दांचा उच्चार आपण सारखाच करतो. अक्षराचे नाव घेताना घोळ होत नाही, पण ‘व्हेरी’ आणि ‘वेअरी’, ‘व्हाइन’ (वेल) आणि ‘वाइन’ समोरच्याला एकच ऐकू येतात. असा शब्द आला की तो फळ्यावर लिहावा. फळ्यावर लिहिण्याने निम्मे काम होते.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकावे. पहिल्या तासाला मी प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देत असे, कारण शांतता सहन होत नव्हती. मग मनात सावकाश दहापर्यंत मोजायला लागलो. सात-आठपर्यंत पोचल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी अर्धवट उत्तर देत असे आणि त्या अर्धवट उत्तरावरूनच खरा धडा सुरू होत असे. पंचवीस जणांची नावे दोन आठवड्यांत पाठ करावीत. परक्या नावांची जीभ वळत नाही असे वाटते, पण नावाने हाक मारलेला विद्यार्थी ऑफिस अवर्सना येतो, हा माझा प्रत्येक सेमिस्टरचा अनुभव आहे.

टीएचा खरा वेळ खातो तो वह्यांचा गठ्ठा. पन्नास वह्या, प्रत्येकीत पाच उदाहरणे, एका उदाहरणाला तीन मिनिटे: साडेबारा तास. वीस तासांच्या आठवड्यात दोन-तीन तास वर्ग, तीन तास व्याख्याने, दोन तास ऑफिस अवर्स आणि वर तयारी धरली, तर एवढे तास उरतच नाहीत. म्हणून तपासण्याची पद्धत ठरवावी लागते. पूर्ण वही तपासून मग पुढची घेऊ नका. आधी सर्वांचे पहिले उदाहरण, मग सर्वांचे दुसरे, असे जा. पहिल्या दहा वह्या गुण न देता नुसत्या वाचा. कोणत्या चुका पुन्हा पुन्हा येतात ते दिसेल. मग रुब्रिक, म्हणजे कोणत्या पायरीला किती गुण याचा तक्ता, लिहा.

एक उदाहरण घेऊ. साइन एक्सवर्गाचा डेरिव्हेटिव्ह काढून त्या वक्राच्या एका बिंदूपाशी स्पर्शरेषेचे समीकरण मांडायचे आहे, गुण दहा. एका मुलीने आतल्या फलाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दोन एक्स, घेतलाच नाही. पण पुढे तिने आपल्या चुकीच्या उताराने स्पर्शरेषेचे समीकरण बिनचूक मांडले. पहिल्या पायरीला तीन गुण कापावेत आणि पुढे एकही कापू नये, कारण ती चूक एकदाच झालेली आहे. हा निर्णय रुब्रिकमध्ये लिहिलेला असला की चाळिसाव्या वहीलाही तोच न्याय मिळतो, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात. वहीवर ‘चूक’ एवढेच न लिहिता ‘आतल्या फलाचा डेरिव्हेटिव्ह?’ असे लिहावे. हेच वाक्य वीस वह्यांवर लिहावे लागले, तर ते पुढच्या वर्गात पाच मिनिटे फळ्यावर सांगावे.

एवढे करूनही तास पुरत नसतील, तर दोन-तीन आठवडे खर्च झालेले तास रोज टिपून ठेवा आणि तो कागद घेऊन प्राध्यापकांकडे जा. ‘मला जमत नाही’ आणि ‘गेल्या तीन आठवड्यांत अनुक्रमे २४, २७ आणि २६ तास झाले; गृहपाठातली दोनच उदाहरणे बारकाईने तपासली आणि बाकीची पूर्ण केली आहेत का एवढेच पाहिले तर चालेल का?’ यांतल्या दुसऱ्या बोलण्याला उत्तर मिळते. बहुतेक प्राध्यापक ऐकतात, कारण त्यांना तो आकडा ठाऊकच नसतो. ऐकले नाही तर विभागातील पदव्युत्तर अभ्यासाचे संचालक आणि असेल तिथे सहायकांची संघटना हे पुढचे दरवाजे आहेत. अशा संघटनांना मोठा इतिहास आहे: विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातली टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन १९६६ साली स्थापन झाली, खाजगी विद्यापीठांतल्या सहायकांना कर्मचारी मानणारा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचा कोलंबिया विद्यापीठाबाबतचा निर्णय २०१६ चा आहे, आणि २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप करून वेतनवाढ मिळवली. एफ-१ विद्यार्थ्यालाही अशा संघटनेचे सदस्य होता येते. तुमच्या विद्यापीठात करार असेल तर तो वाचा. तासांची मर्यादा बहुधा त्यातच लिहिलेली असते.

नियमांच्या दोन बाबी पहिल्याच दिवसापासून पाळाव्या लागतात. विद्यार्थ्यांचे गुण १९७४ च्या फर्पा या, शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने संरक्षित आहेत. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवू नये, नावांसह गुणांची यादी लावू नये आणि मुलाच्या वडिलांनी फोन केला तरी गुण सांगू नयेत. दोन वह्यांत शब्दशः सारखे उत्तर आढळले तर विद्यार्थ्याला परस्पर जाब न विचारता दोन्हींच्या प्रती काढून प्राध्यापकांकडे द्याव्यात. पुढची प्रक्रिया ते ठरवतात. तुमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यावर अन्याय झाला तर तो भरून काढणे अवघड असते, म्हणून इथे घाई नको.

कर आणि उन्हाळा

टीए आणि आरए यांचा स्टायपेंड हे वेतन असल्यामुळे त्यातून आयकर कापला जातो आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२, म्हणजे वेतनाचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मिळतो. माफ झालेल्या ट्यूशनवर कर लागत नाही. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करापुरता अनिवासी धरला जातो. या काळात त्याच्या वेतनातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांचा आरोग्यविमा यांच्या सरकारी योजना) यांची कपात व्हायला नको. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत ती दिसली, तर लगेच पगार कार्यालयात जावे. विवरणपत्र १०४०-एनआर भरायचे असते आणि त्यासोबत ८८४३ हा फॉर्म. उत्पन्न काहीच नसले तरी ८८४३ चुकवू नये. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला भारत-अमेरिका कर-करारातील २१ व्या कलमामुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) घेता येते, जे इतर बहुतेक अनिवासींना मिळत नाही. अनेकांना हे माहीत नसते आणि ते दरवर्षी जास्त कर भरतात. फेलोशिपचे तंत्र वेगळे आहे: एफ-१ विद्यार्थ्याच्या फेलोशिपमधून करपात्र भागावर १४ टक्के कापले जातात आणि कागद १०४२-एस मिळतो.

उन्हाळ्याची तरतूद फेब्रुवारीतच विचारावी. उन्हाळी वर्ग कमी असतात आणि जागा ज्येष्ठतेने भरतात. मार्गदर्शकांच्या अनुदानात उन्हाळ्याचे पैसे आहेत का, हे संकोच न बाळगता विचारता येते; अनुदान मागतानाच त्यांनी विद्यार्थ्याचे वेतन धरलेले असते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा नसतो. विद्यापीठाबाहेर इंटर्नशिप करायची तर त्याची परवानगी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी घ्यावी लागते. काही विद्यापीठे नऊ महिन्यांचा पगार बारा महिन्यांत विभागून देतात. तशी सोय असेल तर पहिल्या वर्षी ती जरूर घ्यावी.

निधी थांबला तर

अनुदान संपते, मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात जातात, एखाद्या वर्षी पदवीचे विद्यार्थी घटतात. अशी चिन्हे सेमिस्टरभर आधी दिसू लागतात. आरए असलेल्याने दर शरदात मार्गदर्शकांना ‘माझा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे?’ असे सरळ विचारावे आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ उरला असेल तर त्याच आठवड्यात विभागाकडे टीएच्या जागेसाठी नाव द्यावे. टीएशिपचे नूतनीकरण नाकारले गेले तर कारण लेखी मागावे. कारण प्रगतीशी संबंधित असेल तर दाद मागण्याची पद्धत नियमपुस्तिकेत असते आणि तिला मुदत असते. कारण पैशांचे असेल तर विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलकडे प्रबंध पूर्ण करण्यासाठीचे साहाय्य, प्रवासनिधी किंवा आपत्कालीन मदत आहे का ते पाहावे, आणि ज्या विभागांना तुमच्या विषयाचा माणूस लागतो त्यांच्याकडे जावे.

या काळात खर्च वाचवण्यासाठी एखादा अभ्यासक्रम सोडावा किंवा एक सेमिस्टर रजा घ्यावी असे मनात येते. तो निर्णय एकट्याने घेऊ नका. पूर्णवेळ क्रेडिट्सपेक्षा कमी नोंदणी पूर्वपरवानगीशिवाय झाली तर एफ-१ दर्जा जातो आणि तो परत मिळवणे निधी मिळवण्यापेक्षा कठीण असते. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन तुमची परिस्थिती आहे तशी सांगा, परवानगी आय-२० वर नोंदली गेल्याची खात्री करा आणि त्यानंतरच नोंदणीच्या पानावरचे बटण दाबा.